मेम्फिसची पिवळी तबकडी : सन रेकॉर्ड्सच्या वाटेवर पाच दिवस

माझ्या वडिलांच्या संग्रहात ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या देशी कंपनीच्या काही तबकड्या होत्या. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, अशा कितीतरी गायकांचा आवाज लहान कंपन्यांमुळेच टिकून राहिला, असे ते त्या तबकड्या मऊ फडक्याने पुसताना नेहमी सांगत. तो संग्रह माझ्याकडे आल्यानंतर मला जगभरच्या अशा लहान कंपन्यांचे वेड लागले आणि त्यात सर्वांत अधिक ओढ लागली ती अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या ‘सन रेकॉर्ड्स’ या कंपनीची. सनचे नाव निघाले की लोक एल्विस प्रेस्लीचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे; पण मला ऐकायच्या होत्या त्या एल्विसच्या आधी आणि त्याच्या आजूबाजूला निघालेल्या हिलबिली, म्हणजे दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांच्या गावाकडच्या गाण्यांच्या, तबकड्या, ज्यांतल्या बहुतेक खपल्या नाहीत आणि ज्यांच्यावाचून रॉकाबिली नावाचे संगीत जन्मालाच आले नसते. माझा भाचा नॅशव्हिलला नोकरीस आहे. त्याने ऑक्टोबरात पाच दिवसांची रजा काढली आणि आम्ही दोघे निघालो.

पहिला दिवस : गुरुवार, मेम्फिस

नॅशव्हिलहून मेम्फिस साधारण दोनशे दहा मैल आहे. पहाटे निघून दहाच्या सुमारास आम्ही युनियन अव्हेन्यूवर पोहोचलो. हा रस्ता मिसिसिपी नदीकडून पूर्वेला जातो आणि त्याच्यावरच, नदीच्या बाजूला, पीबॉडी हे जुने प्रशस्त हॉटेल आहे. सॅम फिलिप्स हे अलाबामातील फ्लॉरेन्सजवळच्या शेतकरी कुटुंबात १९२३ साली जन्मलेले गृहस्थ या पीबॉडी हॉटेलात असलेल्या डब्ल्यूआरईसी या रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करीत. ती नोकरी सांभाळूनच त्यांनी जानेवारी १९५० मध्ये ७०६ युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर, मार्शल अव्हेन्यूच्या तिठ्यापाशी, एक लहानसा गाळा भाड्याने घेऊन ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ सुरू केली. लग्न असो, अंत्यविधी असो किंवा हौशी गायकाची स्वतःसाठी काढलेली एकुलती एक तबकडी असो, काहीही, कुठेही, केव्हाही ध्वनिमुद्रित करून देऊ, असे त्यांचे ब्रीद होते.

विटांची ती ठेंगणी इमारत बाहेरून पाहिली तर आपल्याकडच्या एखाद्या जुन्या छापखान्याची आठवण यावी. वरच्या मजल्यावर संग्रहालय आहे, तिथून मार्गदर्शक आपल्याला खाली आणतात. प्रथम लागते ती रस्त्याकडची चिंचोळी खोली. इथे मॅरियन कीस्कर बसत. त्यासुद्धा त्याच रेडिओ केंद्रातून आलेल्या. कंपनीचा पत्रव्यवहार, हिशेब, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद हे सगळे त्यांच्याच हातात असे. १९५३ च्या उन्हाळ्यात एक लाजाळू मुलगा स्वतःच्या पैशाने तबकडी करून घ्यायला आला, तेव्हा त्याचे नाव लक्षात ठेवणाऱ्या याच बाई. ती खोली इतकी लहान आहे की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला लागून उभे राहावे लागते.

त्याच्या आत खुद्द ध्वनिमुद्रणाची खोली. रुंदी साधारण अठरा फूट, लांबी तीस फुटांच्या थोडी पुढे. मला सर्वांत आधी दिसले ते छत. सॅम फिलिप्स यांनी छताला आणि भिंतींना ध्वनिशोषक चौकोनी फरश्या लावल्या आहेत, पण छत सपाट न ठेवता त्याला उलटसुलट उतार दिले आहेत, जेणेकरून आवाज एका जागी घुमत न राहता विखुरला जावा. त्या फरश्या अजूनही त्याच आहेत. मी हात उंचावून टाळी वाजवली. आवाज मेला नाही आणि घुमलाही नाही, नुसता कोरडा, स्वच्छ परत आला. ज्याने देवळाच्या सभामंडपात आणि बंदिस्त बैठकीच्या खोलीत, अशा दोन्ही ठिकाणी तंबोरा ऐकला आहे, त्याला या दोहोंमधली ही खोली लगेच ओळखता येईल.

या खोलीत आधी मुख्यतः कृष्णवर्णीय कलावंतांचे ब्लूज ध्वनिमुद्रित होत असे आणि ते शिकागो व लॉस एंजेलिसच्या कंपन्यांना विकले जाई. १९५२ मध्ये सॅमनी स्वतःचे लेबल काढले, ‘सन’. पिवळ्या कागदावर तपकिरी छपाई, वरच्या बाजूला उगवत्या सूर्याचे किरण आणि मध्ये आरवणारा कोंबडा. हे चित्र मी पुण्यात चाळीस वर्षे केवळ छापील पानांवर पाहिले होते. इथे ते भिंतीवर माझ्या डोक्याएवढे मोठे होते आणि त्याच्यासमोरून मला हलवेना.

हिलबिली या शब्दाविषयी इथेच थोडे सांगितले पाहिजे. अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या आणि दक्षिणेच्या कापूसपट्ट्यातल्या गरीब गोऱ्या कुळांचे गाणे, फिडल, बँजो, स्टील गिटार आणि मोठा डबल बास घेऊन गायलेले, त्याला शहरातल्या व्यापाऱ्यांनी हे नाव दिले. त्यात ‘गावंढळ’ या आपल्या शब्दातला सगळा तुच्छभाव होता. पुढे व्यापारी नियतकालिकांनी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असे सभ्य नाव रूढ केले, पण गाणाऱ्यांपैकी अनेकांनी जुने नाव अभिमानाने वापरले, आणि रॉक व हिलबिली हे दोन शब्द जोडूनच रॉकाबिली शब्द तयार झाला.

सनच्या क्रमांकांची यादी पाहिली की १९५४ च्या पहिल्या सहामाहीत हे हिलबिली हळूहळू दारातून आत येताना दिसते. १९७ क्रमांकावर अर्ल पीटरसन, १९८ वर हॉवर्ड सेरॅट, २०१ वर हार्डरॉक गुंटर आणि २०२ वर डग पॉइंडेक्स्टर आणि त्यांचे स्टारलाइट रँग्लर्स. ही २०२ क्रमांकाची तबकडी जेमतेम तीनशे प्रती खपली असे सांगतात. परंतु या रँग्लर्सच्या वाद्यवृंदात गिटारवर स्कॉटी मूर होते आणि डबल बासवर बिल ब्लॅक. स्कॉटी दिवसा भावाच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात टोप्यांना आकार देत आणि बिल टायरच्या कारखान्यात कामाला होते. ती तबकडी पडली म्हणूनच स्कॉटी पुन्हापुन्हा सॅमकडे येऊन ‘आता काय करू या’ असे विचारत राहिले, त्यातूनच त्या लाजाळू मुलाला बोलावून पाहण्याचे ठरले. एक तबकडी खपली असती तर दुसरी बहुधा झालीच नसती. या खोलीत उभे राहिल्यावर त्या तीनशे प्रतींबद्दल मला फार आदर वाटला.

५ जुलै १९५४, सोमवारची रात्र. एल्विस प्रेस्ली, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक, तिघेच. संथ प्रेमगीते गाऊन थकल्यावर विश्रांतीच्या वेळात एल्विसने आर्थर क्रूडप यांचे १९४६ सालचे ब्लूज गाणे ‘दॅट्स ऑल राइट’ मस्करीत जोराने गायला सुरुवात केली, बाकीचे दोघे त्याच्यामागे धावले आणि आतल्या काचेमागे बसलेल्या सॅमनी दार उघडून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांगितले. मागच्या बाजूसाठी पुढच्या दिवसांत त्यांनी बिल मनरो यांचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ घेतले. मूळ गाणे तीन मात्रांच्या ठेक्यातले, संथ आणि विरहाचे. त्यांनी ते चार मात्रांत, जवळजवळ दुगुनीत नेले. एका बाजूला कृष्णवर्णीयांचे ब्लूज, दुसऱ्या बाजूला हिलबिली, आणि दोन्ही एकाच मुलाने एकाच आवाजात गायलेली. ही सन २०९. वर्णभेदाच्या त्या दिवसांत या एका तबकडीच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या वस्त्यांत राहत होत्या.

तालवाद्याची गोष्ट मला मार्गदर्शकाने विचारली. त्या तबकडीवर ढोल कुठे आहे? ढोल नाहीच. हिलबिली वाद्यवृंदात ढोल घेण्याची रीत नव्हती. बिल ब्लॅक डबल बासची तार ओढून सोडत, ती लाकडी पट्टीवर आपटे, आणि मग तळहाताने चापट मारत. तार, लाकूड आणि हात मिळून जो ठेका निघतो तोच त्या गाण्याचा ढोल. आपल्याकडे दिमडी किंवा संबळ नसेल तेव्हा कीर्तनकार चिपळ्यांवर जसा सगळा भार टाकतो, तसा तो बास सगळे गाणे उचलून धरतो.

आणि मग तो प्रतिध्वनी, ज्यामुळे सनची कोणतीही तबकडी दोन सेकंदांत ओळखू येते. १९५४ मध्ये सॅमनी अँपेक्स कंपनीची ध्वनिफीत यंत्रे घेतली. त्यातल्या दुसऱ्या यंत्राचा उपयोग त्यांनी केवळ उशीर करण्यासाठी केला. फीत आधी यंत्राच्या मुद्रणाच्या डोक्यावरून, म्हणजे ‘हेड’वरून, जाते, मग थोड्या अंतरावर असलेल्या वाचनाच्या डोक्यावरून. या दोन डोक्यांमधले अंतर कापायला तिला जो सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतो, तेवढा उशिरा तोच आवाज पुन्हा मुख्य मुद्रणात मिसळायचा. देवळातला घुमार येत नाही, येते ती एकच ठसठशीत परतीची चापट. त्या चापटीने बासच्या प्रत्येक ठोक्याला दुसरा ठोका मिळतो, तीन माणसे पाच वाटू लागतात. मार्गदर्शकाने जुना शुअर मायक्रोफोन हातात दिला. तो अपेक्षेपेक्षा पुष्कळ जड होता आणि त्याच्या जाळीवरचा निकेलचा मुलामा हाताळून निघून गेला होता.

दुसरा दिवस : शुक्रवार, मेम्फिसच्या उत्तरेला

कलावंतांची घरे पाहायला पुष्कळ लोक जातात. मला तबकडी जिथे दाबली जाई ती जागा पाहायची होती. उत्तर मेम्फिसमध्ये चेल्सी अव्हेन्यूवर बस्टर विल्यम्स यांचा ‘प्लास्टिक प्रॉडक्ट्स’ हा कारखाना १९४९ पासून होता, आणि सन, शिकागोची चेस व आणखी कितीतरी लहान कंपन्यांच्या तबकड्या तिथे निघत. रस्ता आता ओसाड आहे. मोकळ्या जागा, बंद गोदामे, मध्येच एखादे चर्च.

लहान कंपनीचा जीव कुठे अडकतो ते या रस्त्यावर समजते. तबकड्या दाबण्याचे पैसे कंपनीने कारखान्याला आधी द्यायचे. माल वितरकाकडे जायचा. वितरक पैसे देणार दोन-तीन महिन्यांनी, आणि न खपलेल्या तबकड्या परत करणार. गाणे पडले तर नुकसान थोडे. गाणे गाजले तर मात्र हजारो प्रती दाबण्यासाठी आजच पैसा हवा, आणि तो हातात येणार पुढच्या तिमाहीत. म्हणजे यशानेच कंपनी बुडते. १९५३ साली रूफस टॉमस या कृष्णवर्णीय गायकाची ‘बेअर कॅट’ सनची पहिली गाजलेली तबकडी ठरली. ती एका आधीच्या गाण्याला दिलेले उत्तर होती, त्या गाण्याच्या मालकांनी दावा लावला आणि सनला भरपाई द्यावी लागली. अशा कर्जातूनच नोव्हेंबर १९५५ मध्ये सॅमनी एल्विसचा करार आरसीए या मोठ्या कंपनीला ३५,००० डॉलरना विकला. पुष्कळजण याला चूक म्हणतात. चेल्सी अव्हेन्यूवर उभे राहिल्यावर मला तो उत्तम हिशेब वाटला. त्या पैशाने कार्ल पर्किन्स या सनच्याच दुसऱ्या गायकाची तबकडी देशभर पोहोचवता आली.

याच रस्त्यावर, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लॉस एंजेलिसच्या बिहारी बंधूंपैकी लेस्टर बिहारी यांनी १९५२ मध्ये ‘मीटिअर’ हे लेबल काढले होते. मिसिसिपीतील होली स्प्रिंग्जकडचे चार्ली फेदर्स सनवर हिलबिली गात होते. पण त्यांना जो उसळता, अडखळत-उचकत जाणारा गळा हवा होता, तो त्यांनी १९५६ मध्ये मीटिअरवर ‘टंग-टाइड जिल’मध्ये काढला. रॉकाबिलीचा शुद्ध नमुना कोणता असे मला कोणी विचारले, तर मी एल्विसच्या आधी हीच तबकडी लावीन. तान घेताना स्वर मध्येच तोडून हुंकार भरायचा आणि पुन्हा त्याच जागी पाय ठेवायचा, ही कसरत चार्ली फेदर्सना जितकी सहज साधली तितकी फार थोड्यांना.

दुपारी ओव्हर्टन पार्कमधले शिंपल्याच्या आकाराचे खुले नाट्यगृह पाहिले. ३० जुलै १९५४ रोजी स्लिम व्हिटमन यांच्या हिलबिली कार्यक्रमात एल्विस इथे प्रथमच मोठ्या गर्दीसमोर गायला. मंचावर ऊन होते, बाकडी रिकामी होती. भाच्याने तिथे बसून फोनवर सन २०९ ची दुसरी बाजू लावली. बाकी शहर पाहण्यात मला रस नव्हता.

रूफस टॉमस यांची एक खंत मात्र इथे लिहिली पाहिजे, कारण ती खरी आहे. ज्या खोलीत कृष्णवर्णीय कलावंतांनी सनचा पाया घातला, तिथे गोरे मुलगे गाऊ लागल्यावर त्यांना बोलावणे बंद झाले, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. ज्युनिअर पार्कर यांचे १९५३ सालचे ‘मिस्टरी ट्रेन’ दोन वर्षांनी एल्विसने त्याच खोलीत गायले, हे मी दोन्ही तबकड्या एकामागून एक लावून अनेकदा ऐकले आहे. दोन्ही अप्रतिम आहेत. पण पहिली फार थोड्या घरांत वाजते.

तिसरा दिवस : शनिवार, नदीपलीकडे आर्कन्सॉ

मिसिसिपीवरचा पूल ओलांडला की जमीन एकदम सपाट होते. ऑक्टोबरात कापूस फुटलेला असतो. दोन्ही बाजूंना पांढरे शेत, आणि यंत्राने वेचलेल्या कापसाचे गोल गठ्ठे बांधावर ठेवलेले. यवतमाळकडच्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल.

डायस हे गाव मेम्फिसहून पन्नासेक मैलांवर आहे. १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, सरकारने बुडीत शेतकरी कुटुंबांना इथे घर आणि वीसेक एकर दलदलीची जमीन दिली. सुमारे पाचशे कुटुंबे वसली. १९३५ मध्ये आलेल्या कॅश कुटुंबात पुढे सनवर गाजलेले गायक जॉनी कॅश तीन वर्षांचे होते. त्यांचे पाच खोल्यांचे घर आता आर्कन्सॉ स्टेट विद्यापीठाने जपले आहे. इथल्या काळ्या चिकट मातीला स्थानिक लोक गंबो म्हणतात. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि घराचा पाया हलवते. मी वाकून ढेकूळ हातात घेतले. आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीसारखेच ते बोटांना धरून बसले. घराच्या पुढच्या खोलीत पियानो आहे आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ. दिवसभर कापूस वेचून आलेल्या मुलाला त्या पेटीतूनच हिलबिली गाणी ऐकू येत.

विमानदलातून परतल्यावर कॅश मेम्फिसमध्ये दारोदार घरगुती उपकरणे विकत. त्यांचे दोन साथीदार, ल्यूथर पर्किन्स आणि मार्शल ग्रँट, युनियन अव्हेन्यूवरच्याच एका मोटारींच्या दुकानात मेकॅनिक होते. म्हणजे सनपासून काही चौकांवर. त्यांना भक्तिगीते गायची होती. सॅम म्हणाले, ती खपत नाहीत. मग १९५५ च्या जूनमध्ये ‘क्राय! क्राय! क्राय!’ आणि ‘हे पोर्टर’ ही दोन गाणी सन २२१ म्हणून आली. ल्यूथर यांना फारसे वाजवता येत नव्हते, म्हणून ते एकेक स्वर जपून, दाबून काढत, आणि तो सावध ठेकाच पुढे जॉनी कॅश यांची ओळख ठरला. सॅमनी त्यांना कोणी निष्णात वादक आणून दिला नाही, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

तिथून पश्चिमेला न्यूपोर्ट. या भागातल्या ६७ क्रमांकाच्या रस्त्याला आर्कन्सॉच्या विधिमंडळाने २००९ मध्ये रॉक अँड रोल महामार्ग असे नाव दिले आहे, कारण पन्नाशीच्या दशकात या रस्त्याकडेच्या नाचघरांत सनचे सगळे गायक येत. न्यूपोर्टचे सनी बर्जेस आणि त्यांचा पेसर्स हा वाद्यवृंद १९५६ मध्ये मेम्फिसला गेले आणि ‘वी वॉना बूगी’ ही सन २४७ त्यांनी दिली. रॉकाबिलीत ट्रम्पेट! स्वर काठावरून सांडतो, ट्रम्पेट गर्दीत घुसते, कोणी कोणासाठी थांबत नाही. इतके बेफाम ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणत्याही कंपनीने दुरुस्त केल्यावाचून बाहेर सोडले नसते. गावात आता फार काही उरलेले नाही. आम्ही एका पेट्रोलपंपावर कॉफी घेतली आणि अंधार पडायच्या आत परत फिरलो.

चौथा दिवस : रविवार, जॅक्सन

मेम्फिस सोडण्याआधी सकाळी जुन्या तबकड्यांच्या एका दुकानात गेलो. इथे एक जुनी गोष्ट सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून टपालाने सनची मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी मागवली होती; भरपूर पैसे दिले आणि ती बनावट निघाली. लेबल पिवळे होते, कोंबडा होता, सगळे होते. मग एका जाणकाराने सांगितले की मेम्फिसच्या कारखान्यात दाबलेल्या त्या काळच्या सन तबकडीच्या लेबलवर तीन गोल खळगे असतात, साच्याच्या दाबाने उमटलेले, भोकाभोवती त्रिकोणात. ते कागदाच्या छपाईत येत नाहीत, बोटाने चाचपूनच कळतात.

दुकानात जॉनी कॅश यांची सन २४१ होती, १९५६ सालची, ‘आय वॉक द लाइन’. ही भरपूर खपली होती, म्हणून आजही परवडते. मी ती पाकिटातून काढली, खिडकीकडे तिरकी धरली. प्रकाश लेबलवरून घसरत गेला आणि तिन्ही खळगे एकेक करून उजळले. पिवळा रंग कडेला लोण्यासारखा फिका झालेला, कुणीतरी निळ्या शाईने कोपऱ्यात आद्याक्षरे लिहिलेली, आणि खोबणींवर एक लांब पण उथळ ओरखडा. मी अंगठा खळग्यावर ठेवला. सत्तरेक वर्षांपूर्वी चेल्सी अव्हेन्यूवर कुणी कामगाराने वाफेच्या यंत्राचा दांडा ओढून ही तबकडी काढली असेल, एवढाच विचार मनात होता. भाचा म्हणाला, ‘मामा, घेऊन टाका, नाहीतर इथेच रात्र होईल.’

दुपारी जॅक्सन. कार्ल पर्किन्स हे टिप्टनव्हिलजवळ १९३२ मध्ये बटाईदाराच्या घरी जन्मले. शेतातच जॉन वेस्टब्रुक या वयस्क कृष्णवर्णीय मजुराने त्यांना गिटार शिकवली. पुढे कुटुंब जॅक्सनकडे आले, आणि कार्ल, भाऊ जे आणि क्लेटन, व ढोलावर डब्ल्यू. एस. हॉलंड असे चौघे दारूच्या गुत्त्यांतून वाजवू लागले. म्हणजे इथे ढोल होता. हिलबिलीला ठेका जोडण्याचे काम इथे एल्विसवाचूनही चालू होते, हे जॅक्सनला आल्यावर नीट पटते. नाचणाऱ्या एका मुलाने आपल्या बुटांवर पाय पडू नये म्हणून मुलीला दरडावलेले कार्लनी पाहिले, आणि घरी येऊन, बटाट्याच्या रिकाम्या कागदी पिशवीवर, गाणे लिहिले. ‘ब्लू स्वेड शूज’ डिसेंबर १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित झाले, सन २३४ म्हणून १ जानेवारी १९५६ रोजी निघाले आणि पॉप, कंट्री व ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वर गेले. मार्चमध्ये दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्ककडे जाताना डेलावेअरमध्ये त्यांच्या गाडीला अपघात झाला. कार्ल रुग्णालयात आणि भाऊ जे गंभीर जखमी. ते गाणे मग एल्विसच्याच आवाजात देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले.

कार्ल यांचे १९९८ मध्ये निधन झाले. शहराचे सभागृह त्यांच्या नावाने आहे, आणि छळ झालेल्या मुलांसाठी १९८१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने निघालेले केंद्रही. मला सभागृहापेक्षा ते केंद्र पाहून बरे वाटले. शेतात राबलेल्या मुलाने कोणाची आठवण ठेवली ते तिथे दिसले.

पाचवा दिवस : सोमवार, नॅशव्हिल

रायमन सभागृह मूळचे प्रार्थनागृह. चर्चसारखी लांब लाकडी बाकडी अजून तशीच आहेत. इथे ग्रँड ओल ऑप्री हा हिलबिली संगीताचा रेडिओ कार्यक्रम होत असे, आणि त्या मंचावर ढोलाला जवळजवळ मज्जाव होता. २ ऑक्टोबर १९५४ रोजी एल्विस, स्कॉटी आणि बिल इथे आले व ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ गायले. प्रतिसाद थंड होता. पण गाण्याचे मूळ धनी बिल मनरो रागावले नव्हते. त्यांनी त्याआधीच, सप्टेंबरात, आपले गाणे नव्याने ध्वनिमुद्रित केले होते: सुरुवातीला जुना तीन मात्रांचा संथ ठेका, आणि मध्यावरून चार मात्रांची नवी धावती लय. बाकावर बसून मी ते दोनदा ऐकले. जिथे लय बदलते तिथे फिडल क्षणभर थबकते आणि मग सगळा वाद्यवृंद एकदम पुढे झुकतो. बुजुर्गाने तरुणाची दुरुस्ती आपल्याच गाण्यात घेतली, आणि तीही महिन्या-दीड महिन्यात.

सन लेबलसुद्धा शेवटी नॅशव्हिललाच आले. १९६० मध्ये सॅमनी मेम्फिसमध्येच मॅडिसन अव्हेन्यूवर मोठा स्टुडिओ बांधला, पण त्या प्रशस्त खोलीत जुनी चापट पुन्हा सापडली नाही. १९६९ मध्ये शेल्बी सिंगलटन यांनी कंपनी विकत घेतली. युनियन अव्हेन्यूची खोली मधली कित्येक वर्षे इतर धंद्यांकडे होती. १९८७ मध्ये ती पुन्हा स्टुडिओ झाली. ३० जुलै २००३ रोजी सॅम फिलिप्स गेले, आणि त्याच सुमारास ती वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक ठिकाण म्हणून जाहीर झाली.

रात्री भाच्याच्या घरी जेवणे झाल्यावर मी सन २४१ बाहेर काढली. त्याच्याकडे साधा टर्नटेबल आहे. तबकडीवरून पाण्याचा हात फिरवला, कोरडी केली, सुई ठेवली. आधी ओरखड्याची टिकटिक, मग ल्यूथर यांचे दबलेले मंद स्वर, आणि त्याखाली कॅश यांच्या गिटारचा खरखरीत ठेका. तारांमध्ये कागद खोवून त्यांनी ढोलासारखा आवाज काढला होता. मग प्रत्येक कडव्याआधी तो हुंकार येतो. गाण्यात दर कडव्याला षड्ज बदलतो, आणि कॅश खर्जात गुणगुणून नवा षड्ज शोधतात, मग शब्द उचलतात. शेवटच्या कडव्याला ते इतके खाली जातात की आवाज जवळजवळ जमिनीवर टेकतो. सॅम यांनी तो हुंकार कापला नाही.

भाच्याच्या पत्नीने विचारले, ‘मामा, ते गुणगुणतात ते गाण्यातलंच आहे का?’ मी सुई उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.